शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि आकाशासाठी शिकलेले गणित

मुंबईहून भुसावळकडे जाताना मनमाडच्या पुढे नांदगाव स्टेशन लागते. एकोणिसाव्या शतकात वेरूळची लेणी पाहण्यास निघालेले प्रवासी येथे उतरत आणि पुढची मजल टांग्याने किंवा बैलगाडीने गाठत. १९००च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादकडे रेल्वे सुरू झाली आणि ही वर्दळ थांबली. नांदगावहून त्याच भुसावळच्या मार्गाने आणखी सुमारे ४० किलोमीटर गेले की चाळीसगाव येते, आणि चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, डोंगराच्या कुशीत, पाटणे. पाटणादेवीच्या दर्शनाला आपल्या भागातून पुष्कळ मंडळी जातात. तेथे सापडलेला शिलालेख मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो.

हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शोधून वाचला आणि १८६५ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात इ.स. १२०७ मधील एका दानाची हकीकत आहे. यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आपल्या आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणि’ आदी ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ कुळातील सामंतांनी त्या मठास दाने दिली. लेखाच्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. देवादिकांसाठी दिलेली दाने आपल्याकडे हजारो लेखांत सापडतात. एका गणित्याची पुस्तके शिकविण्यासाठी दिलेले हे दान मात्र विरळा म्हणावे लागेल.

भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. आपण शाळेत ‘लीलावती’चे नाव घेतो ते हंसांच्या आणि कमळांच्या उदाहरणांसाठी, जणू ते करमणुकीचे स्वतंत्र पुस्तक आहे. ग्रंथकाराच्या मनात ती पहिली पायरी होती. गोलाध्यायात तो स्पष्ट म्हणतो की ज्याला व्यक्त आणि अव्यक्त अशी दोन्ही गणिते येतात आणि ज्याचे व्याकरण पक्के आहे, त्यालाच ज्योतिष शिकण्याचा अधिकार, बाकीचे नुसते नावाचे ज्योतिषी. म्हणजे गणित कशासाठी, याचे उत्तर पुस्तकाच्या रचनेतच होते.

पाटण्याचा मठ केव्हाच लयास गेला. आज नांदगावसारख्या गावातले शिक्षक आम्हाला जो प्रश्न वारंवार विचारतात तो असा : खगोलशास्त्र, भौतिकी वाचायची हौस आहे, पण दोन पानांनंतर गणित आडवे येते. कॉलेज सुटून वर्षे झाली, शिकवणारे जवळ कोणी नाही. आता हे गणित स्वतःचे स्वतः शिकता येईल काय? आमच्या जिल्ह्यातले पुष्कळ जण येथे देवळालीच्या कापरेकर गुरुजींचे नाव घेतील. कापरेकरांचे प्रेम संख्यांवरच होते, आकाशाकडे जाण्यासाठी त्यांना संख्या नको होत्या. या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच एका शाळामास्तराच्या चरित्रात अधिक नेमके सापडते. त्यांनी आपल्या शेजारच्या धुळ्यातही काही वर्षे शिकविले होते.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील, दापोलीजवळच्या मुरूड गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकाचे शिक्षण घेऊन १८७४ साली ते मॅट्रिक झाले. त्यांचे औपचारिक शिक्षण एवढेच. १८८० पर्यंत रेवदंड्याच्या मराठी शाळेत मुख्याध्यापक, मग १८८२ पर्यंत ठाण्यात, १८८९ पर्यंत बार्शीच्या इंग्रजी शाळेत, १८९४ पर्यंत धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात आणि त्यानंतर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात, अशी त्यांची नोकरी झाली. १८९८ साली ते वारले, म्हणजे आयुष्य पंचेचाळीस वर्षांचेसुद्धा नाही. एवढ्यात त्यांनी ‘सृष्टचमत्कार’ आणि ‘ज्योतिर्विलास’ ही सामान्य वाचकांसाठीची पुस्तके लिहिली. मद्रासकडील सनदी अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर भारतीय कालगणनेवरचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. आणि ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ लिहिला. १८९६ साली निघालेला हा मराठी ग्रंथ भारत सरकारने पुढे इंग्रजीत आणला. या विषयावर आजही कोणी लिहू लागला तर त्याला हा ग्रंथ उघडावाच लागतो.

हे ज्ञान त्यांना कोणत्या वर्गात बसून मिळालेले नव्हते. पंचांगाच्या वादाने त्यांना त्यात ओढले. तो वाद थोडक्यात पाहिला पाहिजे, कारण त्याच्यामुळेच गणित शिकणे त्यांना भाग पडले.

सूर्यसिद्धान्तातले वर्ष सुमारे ३६५.२५८८ दिवसांचे आहे. ऋतूंचे वर्ष, म्हणजे सूर्य वसंतसंपातापासून निघून पुन्हा वसंतसंपाती येण्याचा काळ, ३६५.२४२२ दिवसांचा. फरक ०.०१६६ दिवस. वर्षाला जेमतेम २४ मिनिटे. पण साठ वर्षांत त्याचा एक दिवस होतो. ‘ग्रहलाघव’ या ग्रंथाच्या हिशेबाने ही दोन वर्षे शके ४४४ मध्ये, म्हणजे इ.स. ५२२ साली जुळलेली होती. तेव्हापासून आजवर सुमारे १५०० वर्षे गेली. १५०० ला ०.०१६६ ने गुणा, २५ दिवस येतात. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला आणि आपण मकरसंक्रांत करतो १४-१५ जानेवारीला. हे अंतर २४ दिवसांचे आहे. तेव्हा पंचांग ऋतूंना धरून, म्हणजे सायन, करायचे की ताऱ्यांना धरून, म्हणजे निरयन, ठेवायचे? आणि निरयन ठेवले तर वर्षमान कोणते, आरंभस्थान कोणते? विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित हे सायन पक्षाचे. समोर शास्त्री-पंडित, ज्योतिषी आणि परंपरा. येथे कोणाच्या तरी शब्दावर विसंबून चालणार नव्हते. ज्याला बोलायचे आहे त्याने गणित करून दाखविले पाहिजे, अशी वेळ होती.

मराठीतून आधुनिक गणिताची सोय तोपर्यंत थोडीफार झालेली होती. केरो लक्ष्मण छत्रे यांनी कुलाबा वेधशाळेत ऑर्लेबार यांच्या हाताखाली खगोलाचे शिक्षण घेतले होते. युरोपीय कोष्टकांच्या आधारे त्यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. कोष्टके हाती असली की ग्रहाचे स्थान काढता येते. कोष्टक तसे का आहे, हे मात्र कोष्टक सांगत नाही. जुन्या ग्रंथांचीही तीच अडचण होती. पंचांग करणाऱ्यांपैकी बहुतेकांची सारी भिस्त ‘ग्रहलाघवा’वर. हा ग्रंथ गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली रचला.

येथे नांदगावकरांसाठी एक खुलासा. गणेश दैवज्ञ नंदिग्रामचे, आणि नंदिग्राम म्हणजे नांदगाव, असे वाचले की आपली छाती फुगते. पण ते नांदगाव आमचे नव्हे. ते कोकणात, मुरूड-जंजिऱ्याजवळ समुद्रकाठी आहे. दीक्षित ज्या रेवदंड्यात मुख्याध्यापक होते तेथून ते खाडीपलीकडे, फार दूर नाही. असो.

‘ग्रहलाघवा’ची कीर्ती अशी की त्यात ज्या आणि चाप, आजच्या भाषेत साइन आणि कंस, यांच्याशिवाय सर्व गणित होते. गुणाकार-भागाकार येणाऱ्याने पायऱ्या पाठ कराव्यात आणि पंचांग करावे. सोय मोठी झाली, परंतु तिची किंमत अशी पडली की पुढच्या दहा पिढ्या नियम वापरीत राहिल्या आणि नियमाच्या पाठीमागे काय आहे ते फार थोड्यांनी पाहिले. स्वतः गणेश दैवज्ञांना त्याची उपपत्ती पूर्ण अवगत होती. त्यांनीच ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि तीत नियमांच्या सिद्धता दिल्या. तेव्हा दोष त्यांच्याकडे जात नाही. दीक्षितांनी केले ते एवढेच की प्रत्येक नियमाला ‘हे असे का?’ म्हणून विचारले. त्यांच्या एका शालेय पुस्तकाचे नावच ‘सोपपत्तिक अंकगणित’ असे आहे.

‘ग्रहलाघवा’तला एकच नियम आपण नांदगावसाठी करून पाहू. वर्गात करण्याजोगा आहे.

दिवस आणि रात्र समान असतील त्या दिवशी मध्यान्ही १२ अंगुळे उंचीच्या शंकूची सावली मोजायची. ही त्या गावाची पलभा. ती तीन ठिकाणी मांडायची. पहिलीला १० ने गुणायचे, दुसरीला ८ ने, तिसरीला १० ने गुणून ३ ने भागायचे. ही तीन चरखंडे, पळांमध्ये. (६० पळे म्हणजे एक घटी आणि ६० घटी म्हणजे एक दिवस, म्हणून एक पळ २४ सेकंदांचे.) सूर्य वसंतसंपातापासून एक रास पुढे गेला की तो पहिल्या चरखंडाइतकी पळे सहाच्या आधी उगवतो, दोन राशी गेला की पहिल्या दोहोंच्या बेरजेइतकी, तीन राशी गेला की तिहींच्या. येथे सहा म्हणजे घड्याळातले सहा नव्हेत, स्थानिक सूर्याचे.

नांदगावचा अक्षांश सुमारे २०.३ अंश आहे. त्याचा टॅन्जंट ०.३७. म्हणून पलभा १२ गुणिले ०.३७, म्हणजे ४.४४ अंगुळे. हे शाळेच्या मैदानात पडताळता येते. १२० सेंटिमीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी केली तर २१ मार्चला मध्यान्ही सावली सुमारे ४४ सेंटिमीटर पडावी. घड्याळात बारा वाजले म्हणून मोजू नये. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे आणि नांदगाव त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून येथे २१ मार्चला सूर्य मध्यान्ही येतो तो १२ वाजून ३९ मिनिटांच्या सुमारास आणि २३ सप्टेंबरला १२ वाजून २४ मिनिटांच्या सुमारास. २१ मार्चला बरोबर बारा वाजता मोजणाऱ्याला सावली पाच सेंटिमीटर जास्त मिळेल आणि सूत्र चुकले असे वाटेल.

आता चरखंडे. ४.४४ ला १० ने गुणून ४४.४, ८ ने गुणून ३५.५, तिसरे १४.८. बेरीज ९४.७ पळे, म्हणजे ३७.९ मिनिटे. तेव्हा २१ जूनला नांदगावात सूर्य सुमारे ३८ मिनिटे आधी उगवणार, तितकाच उशिरा मावळणार आणि दिनमान १३ तास १६ मिनिटे होणार.

हे १०, ८ आणि ३ ने भागलेले १० आले कोठून? पाठ करणारा येथे थांबतो. पुढे जाण्यासाठी दोन त्रैराशिके पुरतात. शंकू, त्याची सावली आणि दोहोंच्या टोकांना जोडणारा कर्ण हा काटकोन त्रिकोण आहे. आकाशात विषुववृत्त, क्षितिज आणि सूर्याचा त्या दिवशीचा मार्ग यांच्यामध्ये याच्याशी समरूप असा दुसरा काटकोन त्रिकोण सापडतो. बाराला जशी पलभा, तशी क्रांतिज्येला कुज्या. हे पहिले त्रैराशिक. सूर्याचा त्या दिवशीचा फेरा विषुववृत्तापेक्षा लहान असतो, म्हणून कुज्या त्या लहान वर्तुळावरून मोठ्या वर्तुळावर न्यायची. हे दुसरे. यातून मिळते ते आजच्या भाषेत असे : चराचा साइन बरोबर अक्षांशाचा टॅन्जंट गुणिले क्रांतीचा टॅन्जंट. अक्षांशाचा टॅन्जंट म्हणजे पलभा भागिले १२. पलभा १ धरा. सूर्याची परमक्रांती प्राचीन ग्रंथांप्रमाणे २४ अंश घ्या. सूर्य एक, दोन आणि तीन राशी गेला असता त्याची क्रांती अनुक्रमे ११.७, २०.६ आणि २४ अंश होते. सूत्रात घाला. चर ९.९, १८.० आणि २१.३ पळे येते. लागोपाठच्या वजाबाक्या करा : ९.९, ८.१ आणि ३.३. हेच ते १०, ८ आणि तीन-एक-तृतीयांश.

आम्ही हे गणित पहिल्यांदा पुरे केले तेव्हा पाचशे वर्षांपूर्वीचा माणूस शेजारी बसून हसतो आहे असे वाटले. आणखी एक गंमत अशी. आधुनिक परमक्रांती २३.४४ अंश घेऊन नांदगावचे चर काढले तर ३६.९ मिनिटे येते. जुन्या नियमाने ३७.९. एक मिनिटाची चूक जुन्या नियमाच्या ढोबळपणामुळे पडली असेल असे प्रथम वाटते. पण पूर्ण त्रिकोणमितीने, फक्त क्रांती २४ अंश धरून, काढले तरी ३७.९ च येते. म्हणजे सोपा नियम नांदगावच्या अक्षांशावर जवळजवळ निर्दोष आहे. चूक आहे ती २४ या आकड्यात. कोठे चूक आहे हे असे बोट ठेवून सांगता येणे, ही उपपत्ती कळल्याची खूण. (छापील पंचांगात दिनमान याहून पाच-सहा मिनिटे जास्त दिसेल. त्याचे कारण वातावरणात होणारे प्रकाशाचे वक्रीभवन आणि सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजावर आली की उदय मानण्याची रीत.)

प्रश्न आधी आणि त्याने मागितलेले गणित नंतर, ही वाट दीक्षितांनीच शोधली असे नाही. न्यूटनने उतारवयात सांगितलेली आठवण द म्वाव्हर या गणित्याने नोंदवून ठेवली आहे. १६६३ साली केम्ब्रिजजवळच्या एका जत्रेत न्यूटनने कुतूहलाने फलज्योतिषाचे पुस्तक घेतले. त्यातली आकाशाची आकृती त्रिकोणमिती येत नसल्याने कळेना. त्रिकोणमितीचे पुस्तक आणले, तर त्यातल्या सिद्धता कळेनात. म्हणून युक्लिड उघडला. तेथून तो देकार्तच्या भूमितीपर्यंत गेला. हे पुस्तक दोन-तीन पाने वाचायचे, अडले की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात, मग आणखी तीन-चार पाने, असे करीत त्याने कोणाच्याही मदतीवाचून संपविले. ज्यांना ‘आपल्याला एका वाचनात कळत नाही’ म्हणून गणिताची भीती वाटते, त्यांनी ही पद्धत अवश्य ध्यानात घ्यावी.

दीक्षितांच्या गणिताची परीक्षा पंचांगाबाहेर झाली. इंग्रज पुरालेखतज्ज्ञ फ्लीट गुप्त राजांचे शिलालेख संपादित करीत होते. गुप्त शकाचा आरंभ कोणता यावर विद्वानांत मोठा घोळ होता. अल-बिरूनीने लिहून ठेवले होते की हा शक शालिवाहन शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाला. ते खरे मानावे काय? मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभ आहे. त्यावर वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा काळ कोरलेला आहे. अल-बिरूनी बरोबर असेल तर २४१ अधिक १६५ म्हणजे शके ४०६, त्यात ७८ मिळवून इ.स. ४८४. त्या वर्षी आषाढ शुद्ध द्वादशीला कोणता वार होता, एवढाच प्रश्न उरला. दीक्षितांनी गणित केले : २१ जून ४८४, गुरुवार. फ्लीटच्या १८८८ च्या ग्रंथात ही गणिते दीक्षितांच्या नावाने आलेली आहेत.

वार सात असतात. म्हणून चुकीच्या वर्षीही सातात एकदा वार जुळायचाच. एका जुळणीने फारसे सिद्ध होत नाही, हे चाणाक्ष विद्यार्थ्याच्या ध्यानात येईल. दीक्षितांच्याही आले होते. त्याच काळातील परिव्राजक राजांच्या ताम्रपटांत महावैशाख, महाआश्वयुज अशी संवत्सरांची नावे आढळतात. ही गुरूच्या बारा वर्षांच्या चक्रातील नावे असून गुरू सूर्याच्या तेजातून बाहेर पडून पुन्हा पूर्वेस दिसू लागतो तेव्हा ज्या नक्षत्रात असेल त्यावरून ती ठरत, असे दीक्षितांनी दाखविले. आता एखाद्या राजाच्या एखाद्या वर्षी गुरूचा उदय कोणत्या नक्षत्रात झाला, हे काढता येते. तेही अल-बिरूनीच्या अंतराशी जुळले. फ्लीटचे हे काम चालू होते त्या वर्षांत दीक्षित बार्शीच्या शाळेत शिकवीत होते.

त्यांचे दुसरे एक गणित अधिक गाजले आणि अधिक वादग्रस्त ठरले. शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात. बरोबर पूर्वेला उगवायचे तर तारा विषुववृत्तावर हवा. आज कृत्तिकांची क्रांती २४ अंश उत्तर आहे आणि नांदगावहून पाहिले तर त्या पूर्वेपासून सुमारे २६ अंश उत्तरेकडे सरकून उगवतात. मग त्या विषुववृत्तावर केव्हा होत्या?

कृत्तिका क्रांतिवृत्ताच्या ४ अंश उत्तरेस आहेत. हे अंतर फारसे बदलत नाही. बदलतो तो त्यांचा वसंतसंपातापासूनचा भोग. इ.स. २००० साली तो ६० अंश होता आणि तो सुमारे ७२ वर्षांत एक अंश वाढतो. आता वसंतसंपाताच्या ९ अंश मागचा, क्रांतिवृत्तावरचा बिंदू घ्या. तो विषुववृत्ताच्या सुमारे ४ अंश दक्षिणेला असतो (९ अंशांच्या साइनला २४ अंशांच्या टॅन्जंटने गुणा आणि त्या टॅन्जंटचा कोन पाहा). कृत्तिका त्या बिंदूच्या ४ अंश उत्तरेस असतील तेव्हा त्या विषुववृत्तावर येतील. तेथून आजपर्यंत ९ अधिक ६०, म्हणजे ६९ अंश. ६९ गुणिले ७२, सुमारे ४९७० वर्षे. उत्तर इ.स.पूर्व ३०००च्या आसपास. दीक्षितांनी १८९५ साली हेच दाखविले आणि शतपथ ब्राह्मणाचा तो भाग त्या काळचा असला पाहिजे, असा निष्कर्ष काढला.

गणित निर्दोष आहे, ते आपण आताच केले. निष्कर्षाचे तसे नाही. ते वाक्य प्रत्यक्ष पाहून लिहिले की जुनी परंपरा म्हणून पुढे आले? ‘ढळत नाहीत’ हे शब्द किती काटेकोर अर्थाने घ्यायचे? नुसत्या डोळ्यांनी दोन-चार अंशांचा फरक कळत नाही आणि दोन-चार अंश म्हणजे काही शतके. अनेक अभ्यासकांनी दीक्षितांचा हा निष्कर्ष स्वीकारलेला नाही आणि ग्रंथाच्या भाषेवरून त्याचा काळ बराच अलीकडचा ठरवितात. आमचाही कल तिकडेच आहे. पण प्रत्येक पायरी उघडी असल्यामुळे वाद कोणत्या पायरीवर घालायचा हे दीक्षितांच्या लेखातून स्पष्ट दिसते, ही गोष्ट मोठी आहे.

गणित येऊनही वाट कशी चुकू शकते, याचे उदाहरण त्यांच्याच समकालीन वेंकटेश बापूजी केतकर यांचे. जन्म १८५४, मॅट्रिक, व्यवसाय शाळामास्तरकीचा. ‘ज्योतिर्गणित’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ म्हणजे आधुनिक ग्रहगणित जुन्या वेषात आणण्याचा भारी प्रयत्न होता. १९११ साली फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत असे मांडले. गुरूच्या उपग्रहांच्या गतींमध्ये लाप्लासने एक साधे आकडेवारी नाते दाखविले होते. तसेच नाते बाहेरच्या ग्रहांत असेल असे धरून त्यांनी पहिल्या ग्रहाचे, ब्रह्म्याचे, अंतर ३८.९५ खगोलीय एकके आणि प्रदक्षिणाकाळ २४२.२८ वर्षे काढला. दुसऱ्याला विष्णू हे नाव दिले. १९३० साली प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर ३९.५ एकके, काळ २४८ वर्षे.

हे भाकीत खरे ठरले, असे आपल्याकडे अभिमानाने लिहिले जाते. येथे जरा थांबले पाहिजे. गुरूच्या उपग्रहांतले नाते गुरुत्वाकर्षणाने बांधलेले आहे. युरेनस, नेपच्यून आणि तिसरा ग्रह यांच्यात तसे नाते असावे, याला केतकरांच्या लेखात गतिशास्त्राचा आधार नव्हता, ते साम्यावरून धरलेले होते. प्लूटो आणि नेपच्यून यांच्या काळांचे गुणोत्तर प्रत्यक्षात ३:२ आहे. त्यांच्या विष्णूचा तर पत्ताच नाही. आणि प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्श्याच्या आसपास आहे. अंतराची जुळणी हा योगायोग मानावा लागतो. केतकरांची गणिती ताकद याने कमी होत नाही.

नाते योगायोगाचे की नियमाचे, हे ओळखायचे तर ग्रहाची गती क्षणोक्षणी कशी बदलते ते पाहावे लागते. येथून भौतिकी सुरू होते आणि येथेच त्रिकोणमिती अपुरी पडून कलनशास्त्र लागते. त्या शब्दाने बिचकणाऱ्या शिक्षकांनी साइनचे कोष्टक घ्यावे. ३० अंशांचा साइन ०.५०००० आणि ३१ अंशांचा ०.५१५०४. फरक ०.०१५०४. ६० अंशांचा ०.८६६०३ आणि ६१ चा ०.८७४६२. फरक ०.००८५९. कोन तेवढाच वाढला, साइन निराळा वाढला. आता १ अंशाचे रेडियनमधील माप ०.०१७४५ आहे. त्याला ३०.५ अंशांच्या कोसाइनने, म्हणजे ०.८६१६३ ने गुणा : ०.०१५०४. मग ६०.५ च्या कोसाइनने, ०.४९२४२ ने गुणा : ०.००८५९. साइनच्या बदलाचा वेग म्हणजे कोसाइन, हा कलनशास्त्रातला पहिल्या धड्यातला निकाल. भास्कराचार्यांनी ग्रहगणितात ग्रहाची तात्कालिक गती काढताना हाच वापरला आहे. रोजच्या दोन स्थानांची वजाबाकी करून आलेली गती चंद्रासारख्या वेगवान गोलाला पुरत नाही, त्या क्षणाची गती पाहिजे, असे ते तेथे सांगतात. कोष्टकातल्या नव्वदही ओळींसाठी हे करून पाहायला एखादी सुटीची दुपार पुरते. ८९ आणि ९० अंशांमधला फरक का जवळजवळ नाहीसा होतो, हे विद्यार्थ्यांना त्या वेळी विचारावे.